चारच्या वर किक मारायची नाही

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, सोलापुरातल्या एका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, मग साखरेच्या आजाराने डोळे गेले. आता त्यांना उजेड आणि माणसाची सावली एवढंच कळतं. त्यांची वीस-बावीस वर्षांची मोटारसायकल मात्र अंगणात तशीच उभी होती, आणि तिला कुणी नुसता हात लावला तरी मामा आतून ओरडायचे.

मला नोकरी लागली ती मंद्रूपच्या पुढे आठ किलोमीटर आत, एका लहान गावातल्या शाळेवर. शाळा साडेदहाची. मंद्रूपपर्यंत एसटी मिळते, पुढे देव पावला तर एखादा ट्रॅक्टर. पहिल्याच महिन्यात दोनदा उशीर झाला. मुख्याध्यापकांनी मस्टरवर लाल शेरा मारला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मॅडम, आणखी दोनदा झालं तर मला वर कळवावं लागेल." नवीन नोकरी, कायम व्हायला अजून अवकाश. वर कळवणं म्हणजे काय ते मला पुरतं ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी सांगितलं. ह्यांची नोकरी बार्शीला, ते रविवारचे पाहुणे. सासूबाई म्हणाल्या, "सोडून दे की मग. हितं काय उपाशी मरायलीस?" मी पाच वर्षं परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी. मला रडू आलं, ते मी भांडी आपटून झाकलं.

मामा खाटेवरून म्हणाले, "माजी गाडी घिऊन जा. पन आदी चालू करायला शीक."

"मामा, मला स्कूटर येते की."

"चालवायला कुनालाबी येतं. बंद पडल्यावर काय करनार?"

आठवडाभरात मी गिअर शिकले. कॉलनीतल्या बायकांनी खिडक्यांतून बघून घेतलं, मीही त्यांना हात करून घेतला. आणि मग खरी शाळा सुरू झाली, माझीच. रोज सकाळी साडेआठला मी साडीचा पदर खोचून किक मारायची आणि गाडी ढिम्म हलायची नाही. मामा खुर्ची टाकून दारात बसलेले. त्यांचा पहिला नियम असा की चारच्या वर किक मारायची नाही. "पाचवीला गाडी न्हाय तापत, मानूस तापतं," असं म्हणायचे. दुसरा नियम, क्रम सोडायचा नाही. आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग हवा.

मला क्रमाचं वावडं. मी थेट पाना घेऊन प्लग खोलायला बसायची. मामा ऐकून म्हणायचे, "पेट्रोल बगितलंस?" बघितलेलं नसायचं. कॉक बंद. दुसऱ्या दिवशी चोक ओढलेला. तिसऱ्या दिवशी प्लगची टोपी सैल. एकदा प्लग काढून, इंजिनाला टेकवून किक मारत होते, तर मामांनी विचारलं, "ठिणगी निळी हाय का पिवळी?" मला घाई. न बघताच म्हटलं, "निळी." मामा म्हणाले, "खोटं बोलायलीस. ठिणगी पडली की चटचट वाजतं. मला कायबी आयकू आलं न्हाय." आंधळ्या माणसाला फसवायला गेले आणि तोंडावर आपटले. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

तरी मनातून मी त्या गाडीला रोज शिव्या घालत होते. एवढे रोग एका गाडीला होतात कसे? ह्यांना फोनवर म्हटलंसुद्धा, भंगारात द्या ही आणि मला मोकळं करा. हे नुसते हसले. आता वाटतं, त्यांना माहीत असणार.

मग तो मंगळवार उगवला. पेट्रोल येत होतं. ठिणगी निळी होती, या वेळी खरोखर बघितली. एअर फिल्टर काढून झटकला. चार किका, थांबले, पुन्हा चार. किक जड लागत होती, इंजिन घुसमटल्यासारखं आत एकदा फुरफुरायचं आणि गप्प. नऊ वाजून गेले. मामा चहा पीत बसलेले. मी ओरडलेच, "मामा, माझी नोकरी जाईल आणि तुम्ही चहा काय पिताय!"

"धूर कुटनं जातो?" त्यांनी एवढंच विचारलं.

मी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. आत कापडाचा बोळा होता, चांगला दाबून बसवलेला. ओढून काढला तर निळ्या काठाच्या टॉवेलचा तुकडा निघाला. तसाच टॉवेल मामांच्या खांद्यावर होता, एक कोपरा फाटलेला.

मला एका झटक्यात सगळं कळलं. कॉक, चोक, टोपी, सगळं. संध्याकाळी मी आत स्वयंपाकात असताना हा माणूस चाचपडत अंगणात यायचा आणि हातांनी शोधून शोधून उद्याची खोडी करून ठेवायचा. मी तशीच गाडी काढली. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. तिसरा लाल शेरा.

संध्याकाळी मी खूप बोलले. सुनेने सासऱ्याला बोलू नये इतकं बोलले. मामांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "हितं चुकलीस तर मी हाय. मंद्रूपच्या फुडं कोन हाय?" मी जेवले नाही, आणि पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोललेही नाही. ते दोन्ही दिवस गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी मंद्रूप सोडून तीन किलोमीटर गेले असेन आणि गाडी आचके देत बंद पडली. दोन्ही बाजूंना ज्वारी, पुढे उसाच्या ट्रॉलीने उडवलेला फुफाटा, माणूस नावाला नाही. दहाला दहा कमी. आज उशीर झाला की झालंच. चार किका मारल्या आणि थांबले. पाचवी मारायला पाय शिवशिवत होता, पण थांबले.

आधी पेट्रोल. टाकी हलवली, आत डुचमळत होतं. कॉक चालू. कार्बोरेटरची नळी काढली, दोन थेंब पडले आणि बंद. पेट्रोल आहे, पण उतरत नाही. टाकीत कचरा आलाय का बघावं म्हणून झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली आणि नळीतून धार थेट माझ्या चपलेवर. झाकणाच्या छोट्या भोकात धूळ बसली होती. आत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली येत नव्हतं. केसातली पिन काढून भोक मोकळं केलं, नळी लावली, झाकण बसवलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. त्या रिकाम्या रस्त्यावर मी मोठ्याने "मामा!" म्हणून ओरडले. दहा वीसला मी मस्टरवर सही करत होते.

घरी येऊन चप्पल न काढताच सगळं सांगितलं. मामा ताठ बसले, चेहरा उतरला. "आईशप्पत, ते मी केलं न्हवतं."

"माहीत आहे मामा."

"किती वाजता पोचलीस?"

"दहा वीसला."

थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग जेवताना पुन्हा. तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "मंगळवारपासनं घास उतरंना गेलाय त्यांच्या गळ्याखाली. 'माज्यापायी पोरीची नोकरी जाती' म्हनून बसलेत." दोन दिवस गाडी पहिल्या किकला का सुरू झाली तेही मग कळलं.

मामा म्हणाले, "बोळा घालायला नको हुता, पोरी. ते लई झालं."

मी म्हटलं, "मामा, तुम्ही रोज खोड्या केल्या नसत्या तर आज मी त्या ज्वारीत बसून रडत असते. माझी नोकरी तुमच्यामुळे राहिली." हे बोलताना मला खरंच रडू आलं, आणि या वेळी ते झाकावंसं वाटलं नाही. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी चाचपून माझं डोकं शोधलं आणि त्यावर तळहात ठेवला.

हाताला ताज्या पेट्रोलचा वास येत होता. गाडी येऊन तासही झाला नव्हता, आणि मी आत भाकरी थापत होते तेवढ्यात मामा अंगणात जाऊन आले होते.

मी मोबाईलवर उद्याचा गजर अर्धा तास अलीकडे घेतला.