एक्केचाळिसावा मालक

दुपारचे तीन वाजलेत आणि माझी हनुवटी कागदांवर टेकायला लागली आहे. पंचायतीच्या खोलीत मी एकटीच. समोर खाजगी जंगलांच्या पाहणीचे साठ अर्ज, ते पाचपर्यंत साहेबांकडे पोचले पाहिजेत. ज्या मालकाचं उत्तर नाही, त्याचं रान तोडीला मोकळं धरायचं, असं वरून आलंय. एक्केचाळीस नंबरवर मी लिहून टाकलंय : रावजी धोंडू मांडवकर, मयत. माणूस जातो, पण आमच्याकडे सातबाऱ्यावरून त्याचं नाव काही जात नाही. त्याला मी काय करू, असं म्हणत मी डोळे मिटते.

"बाय, मला बोलावलंस ना?"

समोर रावजीबाबा उभे. अंगात बंडी, कमरेला कोयती. सकाळी त्यांच्या घरात हार घातलेल्या फोटोत पाहिला तोच चेहरा, फक्त जरा मजेत.

"तुम्ही गेलात ना, बाबा?"

"गेलो तर! अकरा वर्सं झाली. पण यादीत नाव हाय म्हंजे यायला नको?"

टेबल तेच आहे, पण त्याचे पाय पाल्यात रुतलेत आणि डोक्यावर किंजळीच्या फांद्या आहेत. मला त्याचं काही वाटत नाही. मी आपली प्रश्न विचारायला लागते.

"रानात झाडं किती?"

"तिला इचार."

"येत्या पाच वर्षांत तोड करणार?"

"मेलेला माणूस तोड करतो व्हय गो? तिला इचार म्हणतो ना!"

ती म्हणजे अनुसयाआजी, त्यांची बायको. सकाळी त्यांनी मला गूळपाणी दिलं आणि म्हणाल्या, "रानाचं मीच बघते." मी म्हटलं, आजी, सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, तुमचं उत्तर चालायचं नाही. आणि चपला घालून निघाले.

आता आम्ही त्यांच्याच पडवीत बसलोय, पण पडवीला भिंत नाही, समोर सगळं रानच. आजी पाठमोऱ्या, वाकून पाला ओढताहेत.

"वणवा शिरू नये म्हणून दर साल एकटी पट्टा साफ करते," बाबा म्हणतात. "ठेकेदार दोनदा आला, दोनदा हाकललान. मी असतो तर इकलं असतं."

"खरंच?"

"इकलंच असतं. मला लई मोह."

मला लाज वाटते. तसं मी त्यांना सांगतेही.

"लाज ऱ्हाऊ दे. अंगठा घे."

"तुमचा कसा घेऊ, बाबा?"

"माझा नाय. तुझा." ते दगडावर बिब्बा ठेचतात आणि माझा अंगठा त्याच्या काळ्या चिकात दाबतात. "तू घरात गेलीस, माणूस भेटलं, तरी इचारलं नाय. त्येचा हा अंगठा."

आजींच्या पलीकडे कुठेतरी करवत सुरू होते. त्या वळून बघायच्या आत मी जागी होते.

उजव्या अंगठ्यावर काळा डाग आहे. साबणाने दोनदा धुते, जात नाही, वर चुरचुरतोय. एक्केचाळीस नंबरवर मी मालकाचं नाव खोडते आणि तिथे अनुसया रावजी मांडवकर लिहिते. खालचे रकाने कोरेच ठेवते आणि साहेबांना फोन लावते.

"सर, पाचला नाही जमायचं. एका मालकाला विचारायचं राहिलंय."