सर्व वयोगटांसाठी, पण वेगवेगळं

आमच्या मंडळाचा नृत्यदिवस झाला म्हणून सायंकाळपासून ग्रुपवर अभिनंदन चालू आहे. माह्यं नका करू. डोकं तापून आहे माह्यं.

बॅनरवर आपणच लिहिलं होतं, 'सर्व वयोगटांसाठी'. ते वाचून पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावावरून अकरा बाया-पोरी टेम्पोनं आल्या. रेला हा गोंडी नाच नाचणाऱ्या. सत्तरीतल्या सोमीबाई पुढं, त्यायच्या हाताले धरून आठ वर्षांची नात, मंग बाकीच्या. हातात हात गुंफून एकच रांग.

अध्यक्ष यादी घेऊन आले. "लहान गट अकराले, मोठा दोनले, ज्येष्ठ चारले. आपापल्या गटात व्हा, बाई."

"भाऊ, मी गाणं म्हणतो अन् ह्या पोरी ते झेलतात," सोमीबाई म्हणाल्या. "यायले तिकडं नेलं तं माह्या गाण्याले उत्तर कोण देईन?"

"नियम सगळ्यायले सारखा आहे."

सोमीबाईनं वाद घातला नाई. नातीचा हात सोडलाही नाई. रांग आली तशीच टेम्पोत जाऊन बसली.

चार वाजता ज्येष्ठ गटात दोन रिटायर मास्तर एकेकटे नाचले. एकाले पहिलं बक्षीस, दुसऱ्याले दुसरं. आपण टाळ्या वाजवल्या.

अन् ते गट कोणी पाडले? मीच. वयानुसार यादी मीच टाइप केली होती, अन् अध्यक्षाच्या बाजूले मुक्यासारखा उभा होतो.

आता ग्रुपवर अंगठे टाकणाऱ्यायनं एवढं सांगावं. आजीचा हात सोडून त्या पोरीनं कोणाच्या हाताले धरून नाचावं?