मिसोबाची पोळी

इकडे परदेशात, आमच्या गुंगालिन उपनगरात सध्या रस्त्यात उभं राहून "मिसो" अशी हाक मारलीत, तर निदान दोन कुत्री आणि एक मांजर वळून बघेल. फेकत नाहीये मी. कोपऱ्यावरच्या कॅफेत मिसो ब्राउनी मिळते. समोरच्या जोडप्याने हॉलला दिलेल्या रंगाचं नावही मिसोच. मला तो साधा मातकट दिसला, पण तसं बोलायची सोय नाही. ऑफिसात आमच्या टीमने नव्या सॉफ्टवेअरला तेच नाव ठेवलं, का तर म्हणे त्यात 'वॉर्म्थ' आहे. ते रोज दुपारी बंद पडतं. मिसो म्हणजे मुळात सोयाबीन खारवून, आंबवून केलेला जपानी लगदा, हे या गडबडीत कुणाच्या गावीही नसतं.

आमच्या फ्रिजमध्ये त्या लगद्याचा एक डबा होता. 'गट हेल्थ'वरचा, म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंवरचा, कुठलासा पॉडकास्ट ऐकून मीच आणला होता. चमचाभर लेकीने कॅरॅमलमध्ये घातला आणि मग तो डबा मागे सरकत सरकत पार भिंतीला टेकला. बाबा गेल्यावर मी आईला पुण्याहून इकडे आणलं, तेव्हा तिने तो शोधून काढला. हुंगला, जिभेवर ठेवला, आणि मी कामावरून येईपर्यंत त्याची मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी देऊन आमटी केलेली होती. ती रटरटत होती.

"अगं, उकळायचं नसतं ते! आतले सगळे चांगले जंतू मेले!"

"मेले तर मेले. जिवंत गिळायचे होते का तुम्हाला?"

आमटी फक्कड झाली होती, हे कबूल. भुरके मारून झाले आणि आईने पोळ्यांचा डबा पुढे केला, "अजून एक घे," म्हणून. मी ताटावर हात आडवा धरला, कारण माझं ॲप कॅलऱ्या मोजतं. नवऱ्याने कार्ब्ज सोडलेत. लेक फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आयॅम फुल, आज्जी." हे रोजचंच होतं.

आता आमच्या आईची रीत अशी, की शेवटची पोळी कुत्र्याची. ती घातल्याशिवाय ती स्वतः जेवायला बसत नाही. पुण्यात गेटापाशी दोन-तीन हक्काची गिऱ्हाइकं होती. इथे भटकं कुत्रं आणायचं कुठून? इथल्या कुत्र्यांना पट्टा, जॅकेट, विमा आणि वाढदिवस असतो. पण शेजारच्या पत्र्याच्या कुंपणाखाली एक फट होती, आणि तिच्यातून रोज एक तपकिरी नाक बाहेर यायचं. शेजारी एकटे राहणारे रिटायर्ड गृहस्थ होते, आणि हे नाक त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं. नाव? अर्थात मिसो.

"मसाल्याच्या नावाने हाक मारतात कुत्र्याला?" आई हसून हसून बेजार. "मग आपल्याकडच्या मोत्याला काय काळा मसाला म्हणायचं?"

पण दोन दिवसांत ती त्याला 'मिसोबा' म्हणायला लागली. थेट देवांच्या रांगेतच बसवला. स्वयंपाक झाला की ती शाल गुंडाळून कुंपणाशी जायची आणि बराच वेळ तिकडून तिचं बोलणं ऐकू यायचं. चला, आईला करमायला लागलं, असं मला वाटलं. पोळीला ती चांगलं चमचाभर तूप चोपडत होती, हे मात्र मला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी शेजारी दारात आले. "जस्ट अ क्विक चॅट, मेट." मिसोच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. व्हेटने काही दिवस ठेवून घेऊन घरी सोडलं होतं. तूप-लोणी त्याला विषासारखं, आणि तो तिकडे असताना फटीतून सरकवलेली एक तुपकट चपाती त्यांना कुंपणाशी सापडली होती. रागावले नाहीत ते. तीनदा "नो वरीज" म्हणाले. या देशात पहिलं "नो वरीज" खरं असतं. तिसरं आलं, की समजायचं, माणूस कळवळलाय. मिसो आता काहीच खात नाहीये, जाता जाता ते म्हणाले. असाच राहिला तर या वयात निभावणं कठीण आहे.

आईला मी हे मराठीत सांगितलं आणि लगेच पस्तावले. ती उठली, कपाटातल्या देव्हाऱ्यापुढे उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "माझ्या हातून मुक्या जिवाला अपाय झाला. तो खाईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही."

"अगं आई, शुगरच्या गोळ्या घेतेस तू! उपाशीपोटी?"

"मग गोळ्या पण बंद."

आता काय कपाळ फोडायचं! मी ओरडले, नवऱ्याने समजावलं, लेकीने इंग्रजीत इंटरनेट वाचून दाखवलं. आई ढिम्म. सकाळी उठून बघते तर ती ओट्याला धरून उभी, कपाळावर घाम, हात लटलट कापतायत. गोळी तिने आदल्या दिवशीच घेतलेली होती, ती आपलं काम करत होती. साखरपाणी तेवढं औषध म्हणून तिने घशाखाली उतरवलं. मला भयंकर भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. तशीच स्लिपरवर, बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं असताना, मी शेजारचं दार ठोकलं.

नवस इंग्रजीत कसा सांगतात? मी म्हटलं, "माझी आई तुमच्या कुत्र्यासाठी उपोषणाला बसलीय."

"माझ्याविरुद्ध?" ते घाबरले.

"नाही हो. देवाविरुद्ध."

त्यांची दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट. ते आत गेले आणि मिसोला ब्लँकेटमध्ये गुंडाळून, दुसऱ्या हातात व्हेटने दिलेल्या बिस्किटांची पिशवी घेऊन, माझ्या मागोमाग आले.

आई स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. तिने पिशवीतली मूठभर बिस्किटं कोमट पाण्यात भिजवली आणि तान्ह्या बाळाचा भात कालवावा तशी बोटांनी मऊ केली. तूप नाही, मीठ नाही. माझ्याकडे बघून "नाही घालत गं," एवढं म्हणाली. मग हात त्याच्या तोंडापाशी नेला. "मिसोबा, एक घास काऊचा. बघू. एक चिऊचा." कुत्र्याने तोंड फिरवलं. ती तशीच बोलत राहिली, हात तसाच धरून. बऱ्याच वेळाने त्याने एक बोट चाटलं. मग दुसरं. मग सगळा तळहात.

शेजारी आमच्या फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

"त्यांना बसव," आई मागे न बघता म्हणाली. "तेही जेवलेले दिसत नाहीत."

मी भात लावला, आणि आईने सांगितल्याबरहुकूम डब्यातल्या उरलेल्या लगद्याची आमटी केली. उकळू दिली चांगली. पहिला घास आईने घेतला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. शेजाऱ्यांनी वाटी संपवून विचारलं, हे काय आहे? मिसो, मी म्हटलं. त्यांनी कधी चाखलंच नव्हतं. नाव त्यांच्या मुलीने ठेवलं होतं. ती पर्थला गेली, कुत्रा राहिला. आईने डाव उचलून भुवया उडवल्या. त्यांनी वाटी पुढे केली. मग पुन्हा एकदा केली. आईचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिले.

ते गेल्यावर मी तिला झापलंच. "परक्याच्या कुत्र्यासाठी जीव द्यायला निघालीस? आम्ही कोण तुझे?"

आई भांडी आवरत होती. "तुझे बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, अजून एक वाढ. ते गेले. तुम्ही सगळे ताटावर हात धरता. या गावात मला 'पुरे' न म्हणणारा तो एकटाच होता गं."

मी पुसायचं फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागले.

मिसो हळूहळू सावरला. काही आठवड्यांनी व्हेटने कोरड्या पोळीचा नखाएवढा तुकडा चालेल म्हणून सांगितलं, आणि ते सांगायला शेजारी जेवायच्या वेळेवरच आले. आमच्याकडे त्यांची आता तीच वेळ आहे. त्या दिवशी जेवताना मी ॲप बंद केलं आणि ताट पुढे केलं. "आई, अजून एक वाढ." लगेच लेक म्हणाली, "मी टू, आज्जी."

आईने डबा उघडला. आत एकच होती, बिनतुपाची.

"ही नाही, ही मिसोबाची," ती म्हणाली आणि परात ओढून कणकेच्या डब्यात हात घातला. "बसा. उठू नका ताटावरून. आत्ता लाटते."