आर्डिसचा पहिला मेंढा

समजा, गॅरेजातल्या टेबलावर वितळलेल्या शिशाचं भांडं तापलंय आणि पळी तुमच्या हातात आहे. वरची काजळी बाजूला सारा, पळी भरून साच्याच्या तोंडाशी न्या आणि एका धारेत ओता. रेंगाळलात तर साचा गार पडेल आणि गोळीला सुरकुत्या येतील. घाई केलीत तर साचा फार तापेल आणि गोळी पांढुरकी, पिठूळ निघेल. साचा उघडून गोळी जुन्या टॉवेलवर पडू द्या. लगेच उचलू नका, चकाकते म्हणजे निवली असं नव्हे. नाक चपटं आलंय का बघा. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, आणि मागच्या गोळीचं टोकदार नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचत राहणं कुणाच्याच हिताचं नाही. झालं? आता पुढची ओता. मग तिच्या पुढची. जेवणाची हाक येईपर्यंत.

आर्डिस हॉवलंड चार हिवाळे हेच करत होती. एरवी ती शाळेची बस चालवायची. बसमधली मुलं तिला घाबरत, आणि वाऱ्यापावसात रस्ताही घाबरत असावा, कारण तिची बस कधी घसरली नव्हती. तिच्या गोळ्या गुळगुळीत होत्या, काडतुसं एका मापाची होती, हात स्थिर होता. फक्त तिचा पहिला मेंढा पडत नव्हता.

ड्राय फोर्कच्या माळावर महिन्यातून एका रविवारी पोलादी पत्र्याची जनावरं उभी करतात. कोंबड्या जवळ, मग डुकरं, मग टर्की, आणि पार टेकडीच्या पायथ्याशी मेंढे. उभ्याने नेम धरायचा, टेकू घ्यायचा नाही, एका जनावराला एकच गोळी, जनावर आडवं झालं तर गुण. सरावाची गोळी झाडायची नाही. झाडलेली पहिली गोळी मोजली जाते, आणि ड्राय फोर्कला मोजणी मेंढ्यांपासून सुरू होते. आर्डिसची पहिली गोळी मेंढ्याच्या पाठीवरून जाई. दुसरी दुसऱ्याच्या कानाला वारा घाली. तिसरी लागली तर लागली. त्यानंतर मात्र जे समोर येई ते पडे.

"आर्डिस, त्या पहिल्या मेंढ्याशी तुझी सोयरीक आहे का गं?" ड्वाइट केसेल विचारायचा. तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसे आणि सलग दोन वर्षं जिंकत आला होता. त्याची रायफल गव्हाच्या भुशात लोळलेली असे. वर्षातून एकदा, हरणांच्या शिकारीचा मोसम संपला की, तो तिच्यावरून फडकं फिरवायचा. वरून.

"तुझ्या नळीत उंदरांनी बिऱ्हाड केलंय ते बघ आधी."

"करू देत की. रविवारी ते माझ्या बाजूने असतात."

सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की आर्डिस पहिल्या गोळीला घाबरते. आर्डिसलाही ते हळूहळू पटू लागलं होतं. पटत नव्हतं ते एकट्या मर्लला.

मर्ल तिचा नवरा. रेल्वेच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेला. रायफल मुळात त्याची, त्याआधी त्याच्या बापाची. मग त्याच्या डोळ्यांपुढे मधोमध एक राखाडी डाग आला आणि मुक्कामालाच राहिला. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. मेंढ्याशेजारचं झुडूप स्पष्ट, मेंढा गायब. "झुडपाला गुण देऊ लागले तर मला सांग," असं म्हणून त्याने रायफल बायकोच्या हातात दिली होती आणि ओतकामही शिकवलं होतं.

साफसफाई मात्र त्याने स्वतःकडे ठेवली. आर्डिस मैदानावरून आली की तो रायफल मांडीवर घेई. गज घाली, ब्रश फिरवी, चिंधी ओढून काढी आणि तिचा वास घेई. अंगठ्याने चाचपून बघी. चिंधी पांढरी निघाली की नाही हे त्याला नाकाने कळे. शेवटी तेलाचा हात. या कामाला त्याला डोळे लागत नव्हते, आणि ज्यांना डोळे लागत नाहीत अशी कामं त्याच्याकडे आता फारशी उरली नव्हती. या गोष्टीवर दोघं कधी बोलली नाहीत.

त्या हिवाळ्यात आर्डिसने कारण शोधायचं ठरवलं. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढला, त्यावर उमटलेल्या खाचा मायक्रोमीटरने मापल्या. नळी समजुतीपेक्षा रुंद निघाली. म्हणजे गोळी सडपातळ पडत होती, कडेने गरम वायू निसटत होता आणि शिसं नळीला चोपडलं जात होतं. तिने साचा घासून गोळी केसभरापेक्षाही कमी वाढवली. शिसं आधी कडक केलं, ते वाया गेलं. मग थोडं मऊ केलं, ते जमलं. मधमाशीच्या मेणाचं वंगण बदललं. टेबलावर रायफल टेकवून झाडलं तर कागदावर भोकांचा असा झुपका पडला की वर कॉफीचा कप ठेवला तर सगळी झाकली जातील. पहिल्या तीन गोळ्या हात बसवण्यासाठी म्हणून ती कडेच्या मातीत घाली. त्या ती मोजतच नसे.

वसंतातल्या पहिल्या स्पर्धेत पहिला मेंढा उभाच राहिला.

मग एका शनिवारी मर्लची बहीण त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे शहरात घेऊन गेली आणि रात्री आपल्याकडेच ठेवून घेतलं. आर्डिस शनिवारी मैदानावर जाऊन आली, रायफल कोपऱ्यात उभी केली आणि रविवारी तशीच उचलून पुन्हा गेली. मातीचा ढिगारा पावसाने खचला होता, म्हणून पहिली गोळीही कागदावरच झाडली. ती झुपक्याच्या मधोमध लागली. आर्डिस बराच वेळ त्या भोकाकडे बघत उभी होती. मग तिने नळीच्या तोंडाशी करंगळी फिरवली. करंगळी काळी आणि मेणचट झाली.

तिला सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही तिला वाटलं.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला तिने बटाट्याचं कालवण केलं. मर्लच्या आवडीचं. मर्लने लगेच ओळखलं की काहीतरी वाईट बातमी आहे.

"मर्ल, रायफल साफ करू नकोस."

"आज?"

"आजपासून."

मर्लने चमचा खाली ठेवला. "बिघडवली का मी?"

"नाही. फार चांगली साफ करतोस. तेच झालंय." तिने सगळं समजावलं. ओतलेल्या गोळीचा नेम बसायला नळीत मेणाचा पातळ लेप असावा लागतो. मर्ल तो शेवटच्या कणापर्यंत काढतो आणि वर तेल लावतो. मग पहिल्या तीन गोळ्या लेप पुन्हा चढवण्यात जातात, चौथीपासून नेम बसतो.

मर्लने तिच्या कानाच्या बाजूला बघत ऐकून घेतलं. म्हणजे तिच्याकडेच बघत.

"म्हणजे चार वर्षं तुझे मेंढे मी वाचवत होतो."

"हो."

"एकानेही कधी आभार मानले नाहीत," मर्ल म्हणाला आणि जेवू लागला.

तो रागावला नाही. रागावला असता तर आर्डिसला ते निस्तरता आलं असतं. त्याने दुसऱ्या दिवशी टोस्टर उघडून साफ केला. मग नळाच्या तोट्या. मग शिवणयंत्र, जे तिच्या आईच्या मृत्यूनंतर कुणी चालवलं नव्हतं. गुरुवारी आर्डिस कामावरून आली तेव्हा तो खिडकीपाशी बसला होता आणि मांडीवर काहीच नव्हतं. ते तिच्याने बघवेना. ती तडक कोठारावर ड्वाइटकडे गेली.

"तुझी रायफल मर्लकडे साफ करायला दे."

"का? तिला काय झालंय?"

"तिला काही नाही. मर्लला झालंय."

ड्वाइट टवाळ होता, पण माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने त्याच संध्याकाळी रायफल आणून दिली. पाठोपाठ क्लबातल्या आणखी तिघांनी आणल्या. सगळे शिशाच्या गोळ्या ओतणारे, सगळ्यांच्या नळ्या वर्षानुवर्षं कुबट. कुणी बिअर आणली, कुणी घरचा रुबार्बचा केक. मर्लने बाह्या वर केल्या. दोन दिवस घरात नळ्या धुवायच्या सॉल्व्हंटचा वास होता आणि मर्ल शीळ घालत होता. "ड्वाइट, तुझ्या नळीतून मी अर्धं पोतं गहू काढला," तो म्हणाला. शनिवारी संध्याकाळी रायफली घरोघर गेल्या. आर्डिसची कोपऱ्यात होती तशीच, काळी आणि मेणचट.

खरं सांगायचं तर आर्डिसच्या डोक्यात फक्त मर्लची शीळ होती. रविवारी ती रेषेवर उभी राहिली, श्वास सोडला आणि चाप ओढला. टेकडीवरून 'ठण्ण' असा आवाज आला. पहिला मेंढा आडवा झाला होता. ती इतकी चकित झाली की पुढचं काडतूस चढवायला चापाजवळचं कडं ओढायचंच विसरली. तेवढ्यात शेजारी ड्वाइटने झाडली. त्याच्या मेंढ्याच्या पाठीमागे धूळ उडाली.

ड्वाइटने रायफलीकडे बघितलं. पुन्हा झाडली. पुन्हा धूळ, थोडी खाली. पलीकडच्या तिघांच्याही मेंढ्यांमागे तशीच धूळ उडत होती. त्या चारही नळ्या मर्लने साफ केल्या होत्या, हे आर्डिसला आत्ता आठवलं. पण वेळ मोजली जात होती आणि समोर चार मेंढे बाकी होते. तिने ते पाडले.

शेवटी ती एका जनावराने जिंकली. खाटकाने बक्षीस ठेवलेला डुकराच्या मांडीचा अख्खा हॅम तिच्या हातात आला तेव्हा ती सरळ ड्वाइटपाशी गेली.

"ड्वाइट, नळी साफ केल्यामुळे तुझे पहिले मेंढे राहिले. हा हॅम माझा नाही."

"साफ नळीने नेम चुकतो?" ड्वाइट हसला. "मग घाणेरड्या काचेतून जास्त दिसत असेल."

"मेणाचा लेप लागतो रे..."

"बाई, चार वर्षांनी जिंकलीस. हॅम घे आणि घरी जा. वारा होता आज." मग आवाज उतरवून म्हणाला, "रायफल काय चमकतेय गं! पुढच्या स्पर्धेआधी पुन्हा देतो म्हणावं मर्लला."

बाकीच्यांनीही तेच सांगितलं.

घरी तिने हॅम कापून ताटं वाढली आणि ड्वाइटचा निरोप सांगितला. मर्ल खूश झाला.

"त्याचे तीन मेंढे राहिले ना?" त्याने विचारलं.

आर्डिसने त्याला आकडा सांगितला नव्हता. "तीनच. तुला कसं कळलं?"

"तूच तर सोमवारी समजावलंस."

तिने सुरी खाली ठेवली. मर्लचा चेहरा इंजिनाच्या झाकणासारखा होता, आत काय चाललंय ते बाहेरून दिसणारा नव्हे. त्याने मोहरीची बाटली मागितली. तिने ती सरकवली. रायफली परत देताना, आधी तीन गोळ्या मातीत झाडून घ्या, एवढं सांगायला हा माणूस विसरला होता का?