सुनीलच्या मागचं नाव

पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावर भागीबाई गावित राहते. नवरा मंगळू केव्हाच गेला. एकुलता एक सुनील दिवाळी करून परमुलखात बोगद्याच्या कामावर गेला आणि माघात तो बोगदा खचला. एकोणीस मजूर आतच राहिले. सुनील त्यातलाच.

तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, म्हणून तो गेला हे भागीबाईला खरंच वाटेना. भाकरी थापायची, पाणी भरायचं, सगळं धुक्यातून चालल्यासारखं. डोळ्यांतून टिपूस नाही.

चौथ्या दिवशी देशाचे नेते दिल्लीहून बोलणार होते. अंगणवाडीच्या मोहिनीने शाळेतला टीव्ही ओट्यावर मांडला. पाडा जमला. भाषण हिंदीत होतं. मोहिनी भागीबाईच्या कानाशी लागून सांगत होती, देशाला दुःख झालंय, देश तुमच्या पाठीशी आहे. भागीबाई नुसती मान हलवत होती.

मग त्या नेत्यांनी चष्मा लावला, कागद उघडला आणि एकेक नाव वाचायला घेतलं. नाव, गाव, आणि मग थोडं थांबणं. कसली घाई नाही.

"सुनील मंगलू गावित. पेठ, महाराष्ट्र."

"मंगळूला मंगलू म्हनला," भागीबाई पुटपुटली. मग म्हणाली, "पन नाव घेतलं गं. माझ्या पोराचं नाव समद्या देशानं आयकलं." आणि मोहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून ती पोटभर रडली.

सुनीलच्या मागोमाग आलेलं नाव तेवढं तिच्या कानात राहिलं होतं. सोमरा उराँव, गुमला, झारखंड.

त्यानंतर दुपारी डोळा लागला की तिला बोगद्याचं तोंड दिसे. आतून कुणी नाव घेई आणि एकेक पोर उजेडात येई, अंगावर माती, चेहरे शांत. सुनील बाहेर आला की मागे वळून कुणाला तरी हात देई. त्या पोराचा चेहरा मात्र कधी दिसत नसे.

"मोहिनी, त्या सोमराला आई आसंल का गं?" एक दिवस तिने विचारलं.

वाचलेल्या मजुरांपैकी एकजण सुरगाण्याचा होता. त्याच्याकडून मोहिनीने सोमराच्या घरचा नंबर मिळवला आणि फोन लावून दिला. पलीकडे बाईचा आवाज होता, भाषा अनोळखी.

"मी सुनीलची आई," भागीबाई म्हणाली.

"सुनील," ती बाई सावकाश म्हणाली. "सुनील गावित." तिनेही ते नाव धरून ठेवलं होतं.

"आन् तुझा सोमरा."

फोनमधून कोंबडा आरवला. भागीबाई दारातल्या मोहाच्या झाडाकडे बघत म्हणाली, "आमच्याकडं मोह गळतोय बाई."

"महुआ?" पलीकडून एकदम आवाज चढला. "महुआ!" आणि ती भराभर काहीतरी सांगत सुटली, हसत, रडत. भागीबाईला अक्षर कळलं नाही, पण ती हुंकार देत राहिली.

आता फाल्गुन सरत आलाय. पहाटे फुलं वेचून आली की भागीबाई हात धुते आणि फोन लावते. मधे मोहिनी लागत नाही. एक आपल्या भाषेत बोलते, दुसरी आपल्या. परवा शेजारणीने विचारलं, एवढं काय बोलता गं?

"पोरांचं," भागीबाई म्हणाली, आणि ओली फुलं उन्हात पसरायला लागली.