राज्य सोडण्याचा प्रवेश

राज्य सोडून द्यावं लागलेल्या एका इंग्रज राजाचं, चारशे वर्षांपूर्वीचं नाटक आम्ही आयटीवाल्यांनी एका नाट्यस्पर्धेसाठी शनिवार-रविवारी तालमी करून बसवलं. दिग्दर्शक मी. दरबाराच्या जागी कॉन्फरन्स रूम, राजाला सूट, मुकुटाऐवजी गळ्यातलं ओळखपत्र. अक्कल पाजळायचं वय होतं माझं. राजाची भूमिका बाबांकडे होती. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धांत त्यांनी तीस वर्षं कामं केली होती. ओळखपत्र पाहून म्हणाले, "मुकुट नाही तर नाही, पगार तरी आहे ना याला?"

राज्य सोडण्याच्या प्रवेशात ते अडायचे. ओळखपत्र काढून हातात घ्यायचे आणि गप्प. तीन तालमींत तेच झालं. हल्ली चष्मा कुठे ठेवला तेही त्यांना आठवत नसे, तेव्हा वाक्यं विसरतात हे मी ठरवूनच टाकलं. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. ऑफिसात करतो तसंच केलं, भूमिकांची सुधारित यादी सगळ्यांना मेल केली आणि मोकळा झालो. बाबांकडे ईमेल नव्हता. फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी ते दोन बस बदलून वारज्याच्या हॉलवर आले, इस्त्री केलेला कोट हातावर घेऊन. त्यांच्या जागी माझ्या टीममधला एक मुलगा उभा होता. बाबांनी कोट खुर्चीवर ठेवला आणि विचारलं, "प्रॉम्प्टिंगला कोणी आहे का? मी बसतो." मला लाज वाटली, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

प्रयोगाच्या दिवशी दुसरी घंटा झाल्यावर मी मेकअप रूमच्या दाराशी आलो. आत तो मुलगा बाबांना विचारत होता, "काका, त्या प्रवेशात मी फार फास्ट जातो का?"

"नाही, छान जातोस. मी तिथे मुद्दाम थांबायचो. राज्य सोडताना माणूस भराभरा कसा बोलेल? पण दिग्दर्शकांना ते विसरल्यासारखं वाटतं. तू थांबू नकोस."

तो थांबला नाही. टाळ्या मिळाल्या, बक्षीसही मिळालं.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "बाबा, मला सांगायचं ना."

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

त्यानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. आणखी चार वर्षं होते ते. तो प्रवेश एकदा मला करून दाखवता का, असं विचारायचं मी कितीदा तरी ठरवलं. विचारलं नाही.