गारठ्याचं अत्तर

मला वास येत नाही. श्रीरामपुरात अत्तराच्या दुकानात बसून मी हे कोणाला कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. त्यापायी मुलीचं जे नुकसान झालं, त्याबद्दल बोलायचंही टाळत आलो. आता दुकान बंद केलं आहे, तेव्हा लिहून ठेवतो.

वास कोरोनात गेला. इतरांचा परत आला, माझा आला नाही. दुकान मात्र चाललं. कुठली कुपी कुठल्या खणात, हे हातांना पाठ होतं. नवा माल आला की आधी गिऱ्हाइकाच्या मनगटाला लावायचो आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. भुवया सैल पडल्या तर म्हणायचो, "मोकळा वास आहे, टिकेल." नाकपुड्या आखडल्या तर, "जरा उग्र आहे, तुम्हाला नको." नाक असावं तर असं, असं लोक म्हणायचे.

मुलगी या दुकानातच वाढली. पुढे पुण्यात सुगंधाच्या एका कंपनीत लागली. मैत्रिणींबरोबर हिमाचलात बर्फात जाऊन आली, आणि परत आल्यावर तिने नोकरी सोडून स्वतःचं अत्तर करायला घेतलं. वर्ष त्यात गेलं. मग एक दिवस छोटी बाटली घेऊन दुकानात आली. बाटलीवर चिठ्ठी नव्हती.

"देवदाराचं रान आहे, अण्णा. बर्फ पडलेला, माणूस कुठे नाही. खाली कस्तुरी, म्हणजे कारखान्यातली, हरणाची नाही. तुम्ही बरं म्हणालात तर नाव ठेवते आणि पुढे जाते. नाहीतर परत नोकरी बघते."

मी फाया नाकाशी धरला. काही नाही. सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा कोरा होता. ते तिला मीच शिकवलं होतं: दुसरा वास घेत असताना आपला चेहरा हलू द्यायचा नाही, नाहीतर त्याचं नाक आपल्या चेहऱ्यामागे जातं. माझी ही शिकवण तिने फार नीट पाळली.

खरं तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "अंगच नाही याला."

"म्हणजे?"

"वर येतो आणि विरतो. आणि गारठा कोण लावून घेईल अंगाला? आपल्याकडे लोक मोगरा मागतात."

बायको चहा घेऊन आली होती. तिने मुलीचं मनगट हुंगलं. "अहो, मला तर छान वाटतंय. थंडीत ट्रंकेतली शाल काढल्यासारखं."

"तुला फोडणीचा वास कळतो, तेवढा पुरे," मी म्हणालो.

"राहू दे, आई," मुलगी म्हणाली. "अण्णांचं नाक आहे ते." बाटली तिने काचेच्या कपाटात मागे ठेवली. महिनाभरात धुण्याच्या पावडरीच्या एका कारखान्यात लागली. तिथे ती लिंबाचे वास तपासते. आपलं असं तिने पुन्हा काही केलं नाही.

मागच्या हिवाळ्यात कर्जतकडचे एक निवृत्त फौजी पुतणीच्या लग्नासाठी अत्तर घ्यायला आले. मी गुलाबाच्या कुप्या काढेपर्यंत त्यांनी कपाटातली ती बिनचिठ्ठीची बाटली उघडली. मी त्यांचा चेहरा पाहिला. एवढ्या वर्षांत असा चेहरा दुकानात पाहिला नव्हता. भुवया जागच्या जागी, डोळे मिटलेले.

"काका, हे कुटनं आनलं?"

"का हो?"

"आमी वर हुतो, बर्फात. सकाळी दार लोटलं का पयला श्वास घेतो ना मानूस, त्यो हाय ह्यो. लोकं म्हंत्यात बर्फाला वास नस्तो. द्या ही बाटली."

"विकायची नाही."

"मग ठिवली कशाला? बघायला?"

मी फाया करून त्यांच्या कानात ठेवला. बाहेर जाऊन ते मोटारसायकलवर बसले, पण ती चालू केली नाही. बराच वेळ नुसते बसून राहिले.

संध्याकाळी मुलीला फोन केला.

"बोला, अण्णा."

"थंडी पडली का तिकडं?"

"थोडी. तुमचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे."

"दुसरं काही?"

"नाही. सहज केला."

दुकान आवरायला ती या दिवाळीत आली. भरलेल्या कुप्या एका खोक्यात, रिकाम्या दुसऱ्या खोक्यात असं चाललं होतं. कपाटात मागे ती बाटली तिच्या हाताला लागली. तिने झाकण काढलं, हुंगलं, आणि तिचा चेहरा हलला. क्षणभरच, पण मी पाहिला. डोळे मिटले, फौजींचे मिटले होते तसेच. मग झाकण लावून म्हणाली, "ही टाकून देऊ ना? अंगच नाही हिला."

टोमणा नव्हता. माझं म्हणणं तिने खरं मानलं होतं, एवढंच.

"ठेव," मी म्हणालो. "बाटली चांगली आहे."

म्हणायचं होतं ते हे: मला वास येत नाही, बाळ. तेव्हाही येत नव्हता. तुझ्या अत्तरात काही कमी नव्हतं, मी खोटं बोललो. मला माफ कर.